क्रॉनटॅब -आर, दहा टक्क्यांची बिअर आणि एक गाढव (म्हणजे मी)

कर्सरपंत | शनिवार, रात्री ११:४८

मंडळी, हा धागा काढावा की नाही यावर तीन दिवस घालवले कारण यात अब्रू माझीच जाणार आहे, पण म्हटलं जाऊदे, पुढच्यास ठेच मागचा शहाणा, आणि ठेच लागलेला मी आहेच.

मला दोन वेडं आहेत. एक लिनक्स, दुसरं घरी बिअर बनवणं, आणि तीही हलकीफुलकी नाही, चांगली तगडी. आता दोन वेडं एकाच डोक्यात राहायला लागली की ती एकमेकांशी सोयरीक जुळवतातच. तर मी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक घेतला, त्याला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला, सेन्सर फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या पिंपाला) टेपने चिकटवला, भोवती हीटिंग बेल्ट, बेल्ट रिलेवर (म्हणजे संगणकाने दाबायचं बटण), आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी चालणारी चाळीस ओळींची पायथन स्क्रिप्ट. १९ अंशाच्या खाली गेलं की बेल्ट चालू, वर गेलं की बंद. वर्षभर काही कुरबूर नाही.

या वेळी बार्लीवाइन लावली होती, नावात वाइन असली तरी तगडी बिअरच. यीस्ट टाकायच्या आधी हायड्रोमीटरवर घनता १.०९६, म्हणजे पाक जवळजवळ. तिसऱ्या रात्री झोपायच्या आधी वाटलं की पाचऐवजी दर दोन मिनिटांनी तपासलं तर बरं. एसएसएचने (लांबून लॉगिन) आत शिरलो, क्रॉनचं वेळापत्रक म्हणजे क्रॉनटॅब, ते बदलायला क्रॉनटॅब -ई मारायला गेलो आणि बोट पडलं आर वर. ई आणि आर कीबोर्डवर सख्खे शेजारी, आणि एकाचा अर्थ 'बदल' तर दुसऱ्याचा 'सगळं पुसून टाक'. ज्याने हे ठरवलं त्याला माझा साष्टांग. विचारलं नाही, बोललं नाही, नुसता प्रॉम्प्ट परत आला. मला वाटलं एडिटर उघडून बंद झाला असेल, डोळे मिटत होते, म्हटलं सकाळी बघू.

त्या क्षणी बेल्ट चालू होता. तो चालूच राहिला.

सकाळी ३१ अंश. एअरलॉक (पिंपातला वायू बाहेर सोडणारं बूच) उडून पडलेला, फेस भिंतीवर, आणि खोलीत नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा वास. तर दोन प्रश्न. एक, ही बॅच ओतून द्यायची का? दोन, तुम्ही काय काय उडवलंय ते सांगा म्हणजे मला जरा बरं वाटेल. कमांडचं सांगा, बिअरचं सांगा, दोन्हीचं एकत्र असेल तर तुम्ही माझे भाऊबंद.

---

रूटकॉज | शनिवार, रात्री ११:५९

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पंत, आधी कामाचं. क्रॉनटॅब गेला तरी त्याच्या नोंदी गेलेल्या नाहीत. क्रॉन प्रत्येक वेळी काय चालवलं ते सिस्टीम लॉगमध्ये लिहितो, ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) 'सीएमडी' शब्द शोधा, अख्खी कमांड मिळेल. वेळापत्रकाचे तारे मिळणार नाहीत पण वेळेच्या शिक्क्यांवरून कळतंच की दर किती मिनिटांनी चालायची. मी एकदा एकोणीस ओळींचा क्रॉनटॅब असा उकरून काढलाय.

आता न मागितलेला सल्ला. क्रॉन हे घड्याळ आहे, राखणदार नाही. तुमची चूक -आर नाही, चूक ही की स्क्रिप्ट मेली तर बेल्ट शेवटच्या अवस्थेत अडकून राहतो. उलटं पाहिजे. दर वेळी 'पुढची सात मिनिटं चालू' एवढंच सांगायचं आणि नवा निरोप आला नाही की रिलेने आपणहून पडायचं. किंवा सरळ मध्ये एक बिनडोक यांत्रिक थर्मोस्टॅट टाका, २३ च्या वर वीजच तोडणारा. त्याला कोणी -आर मारू शकत नाही.

आणि क्रॉनटॅब -आर ला -आय जोडलं की तो आधी विचारतो. अलायस (कमांडचं टोपणनाव) करून ठेवा, म्हणजे -आय आपोआप लागेल.

---

तिरपागडा | रविवार, रात्री १२:०७

साष्टांग एवढ्यासाठी की पंतांनी हे लॉगिन करून कबूल केलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

अनडूबाई | रविवार, सकाळी ९:२०

माझं डेटाबेसचं. नोकरीला लागून दोन महिने, प्रॉडक्शनवर एका ग्राहकाचा पत्ता बदलायचा होता. अपडेट लिहिलं, सेट लिहिलं, व्हेअरची, म्हणजे कोणत्या ग्राहकाचा ते सांगणारी, ओळ खाली लिहिलेली होती पण सिलेक्ट करताना वरच्या दोनच ओळी सिलेक्ट झाल्या आणि मी एफ५ (चालव) दाबलं. एका ओळीत बदल होणार होता, खाली आलं की ४१ हजार ओळी बदलल्या. तो आकडा अजून स्वप्नात येतो. जगातले सगळे ग्राहक एका घरात राहायला आले.

बॅकअप होता म्हणून वाचले. तेव्हापासून हात लावायच्या आधी बिगिन, मग अपडेट, मग ओळींचा आकडा बघायचा, आणि पोटात कालवलं नाही तरच कमिट (बदल पक्का). आणि हो, मायएसक्यूएलला एक खरोखरचा पर्याय आहे ज्याचं नावच 'आय-अॅम-अ-डमी' आहे, तो लावला की व्हेअर किंवा लिमिटशिवायचं अपडेट आणि डिलीट तो चालवतच नाही. 'सेफ-अपडेट्स' असं सभ्य नावही आहे त्याला पण मी मुद्दाम पहिलंच लिहिते, नम्र राहायला बरं पडतं.

---

फेसाळ | रविवार, सकाळी १०:०२

पंत ओतू नका!!! थांबा.

तो वास इथाइल अॅसिटेटचा, आणि घशात जाळ करतात ते फ्युझेल अल्कोहोल. यीस्टला गरम केलं की ते इथेनॉलसोबत असली जड अल्कोहोलं जास्त बनवतं, आणि १.०९६ सारख्या घट्ट पाकात तर ते आधीच कावलेलं असतं. पण यातलं बरंचसं नुकसान पहिल्या दोन-तीन दिवसांत होतं, जेव्हा यीस्टची वाढ चालू असते. तुमचा गोंधळ तिसऱ्या रात्री झाला म्हणजे जोर ओसरायला लागला होता. पहिल्याच रात्री -आर मारलं असतंत तर मीच म्हणालो असतो की ओता.

आता बेल्ट काढा, १८-१९ वर आणा, महिनाभर हात लावू नका. मग बाटल्या, मग चार-सहा महिने विसरा. तगड्या बिअरचं हेच बरं आहे, चार टक्क्यांच्या बिअरमध्ये दोष झाकायला जागा नसते, बार्लीवाइनमध्ये माल्टचा डोंगर असतो त्याच्या आड बरंच काही लपतं. फ्युझेल पूर्ण जात नाहीत हे मात्र खरं.

शेवटी घनता किती उतरली ते सांगा. सुरुवातीची उणे शेवटची, गुणिले १३१.२५. १.०१८ ला थांबली तर १०.२ टक्के.

---

कोरडा_कमेंटर | रविवार, सकाळी ११:१५

मी थेंबही पीत नाही तरी हा धागा माझा आहे, कारण बिअरवाल्यांनी आपल्यावर केलेले उपकार मी विसरत नाही.

तुम्ही जी टी-टेस्ट वापरता ना, नमुना छोटा असताना फरक खरा की योगायोग हे बघायला, ती विल्यम गॉसेटची. हा बाबा गिनेसमध्ये नोकरीला होता, बार्ली आणि हॉप्सचे मूठभर नमुने घेऊन निष्कर्ष काढायचे होते. १९०८ मध्ये निबंध छापला तो 'स्टुडंट' या टोपणनावाने, कारण स्वतःच्या नावाने छापायची मुभा कंपनीकडून नव्हती. आजही तिला स्टुडंटची टी-टेस्टच म्हणतात. टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या आपल्यासारख्या आयडींचा आद्य पुरुष.

पीएच मोजपट्टी १९०९ ची, सोरेनसेनची, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतली. आणि तिथेच १८८३ मध्ये एमिल हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. तोवर बॅच बिघडायची आणि का बिघडली ते कळायचं नाही. कार्ल्सबर्गने ते यीस्ट दुसऱ्या ब्रुअरींनाही फुकट वाटलं, म्हणजे आपल्या भाषेत रेपो (कोडचं कोठार) पब्लिक केला.

---

निवांत_नोड | रविवार, दुपारी १२:४०

@कोरडा, वा.

मोठ्या लोकांचे पराक्रम सांगतो म्हणजे पंतांना बरं वाटेल. १९९८, पिक्सार, टॉय स्टोरी २ चं काम चालू. कोणीतरी मूळ फोल्डरवर आरएम (फाइली पुसायची कमांड) चालवलं आणि पात्रं एकेक करून स्क्रीनवरून नाहीशी व्हायला लागली. बॅकअप काढायला गेले तर तो नीट चालतच नव्हता. वाचले कशामुळे, तर गॅलिन सुसमन नावाच्या टेक्निकल डायरेक्टरला नुकतंच बाळ झालं होतं, घरून काम करायचं म्हणून तिच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ते मशीन ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणलं. क्लाउड बिउड सोडा, ब्लँकेट.

दुसरं गिटलॅब, लोकांचा कोड सांभाळणारी साइट, ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरा एका इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती, पुसली मुख्य सर्व्हरवरची. एक-दोन सेकंदांत चूक कळून थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या त्यातली एकही धड चालेना. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने सहज हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत). पण मला आवडतं ते पुढचं, रिकव्हरी त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. चूक झाली की दार लावून घेणारे कितीतरी बघितलेत, दार उघडून 'या बघायला' म्हणणारे कमी.

तिसरं माझं लाडकं. जानेवारी २०१५, लिनक्सवरचं स्टीम, गेम्स विकणारं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एक व्हेरिएबल, त्यापुढे तिरकी रेघ आणि तारा, आणि या सगळ्याच्या आधी आरएम -आरएफ (न विचारता आतलं सगळं पुस). काही कारणाने व्हेरिएबल रिकामं राहिलं की उरतं काय, रेघ आणि तारा, म्हणजे मशीनवरचं सगळं. लोकांचं होतं नव्हतं ते गेलं, जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हसकट. आणि त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच कॉमेंट टाकली होती, 'स्केरी!' अरे भीती वाटत होती तर!!

---

तिरपागडा | रविवार, दुपारी १२:५५

पण आरएमला आता रूट (सगळ्यात वरचं फोल्डर, तीच ती नुसती रेघ) पुसता येत नाही ना? असं ऐकलं होतं की तो नकार देतो.

---

रूटकॉज | रविवार, दुपारी १:१०

देतो, जीएनयूच्या कोअरयुटिल्समध्ये (आरएमसारख्या कमांडींचा संच) २००६ पासून. पण तो नकार फक्त नुसत्या रेघेला आहे. रेघेपुढे तारा दिलात तर शेल (आपण लिहिलेली कमांड वाचणारा प्रोग्राम) आधीच त्याचा विस्तार करून बिन, ईटीसी, होम अशी नावं आरएमच्या हातात देतो, आरएमला रेघ दिसतच नाही, तो आज्ञाधारकपणे एकेक पुसत जातो. म्हणून बॅशमध्ये (लिनक्सचा नेहमीचा शेल) व्हेरिएबलच्या महिरपी कंसात नावापुढे विसर्ग-चिन्ह आणि प्रश्नचिन्ह द्यायचं, रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून मग आरएम करायचं असेल तर मध्ये अर्धविराम नाही, दोन अँपरसँड. सीडी फसलं तर तुम्ही आहात तिथेच असता, आणि आरएमला ते माहीत नसतं.

काहीजण आरएमला -आय चा अलायस लावतात. मला ते पटत नाही. हाताला सवय लागते की तो विचारेलच, आणि मग दुसऱ्याच्या मशीनवर तो विचारत नाही.

---

अनडूबाई | रविवार, दुपारी १:१८

@रूटकॉज आणि वर पंतांना तुम्हीच अलायस करायला सांगितलंत :)

---

रूटकॉज | रविवार, दुपारी १:२१

...बरोबर. मागे घेत नाही पण ऐकून घेतलं.

---

एकबोट_टायपिस्ट | रविवार, संध्याकाळी ६:३३

मी आरएमने काही गमावलं नाही, मी गमावलं एका बाणाने. मोठ्या प्रेमाने जमवलेली नोट्सची फाइल, सात वर्षांची, तिच्या शेवटी एक ओळ जोडायची होती, दोन बाण (>>) टाकायच्या जागी एक टाकला. दोन बाण शेवटी जोडतात, एक बाण आधीचं पुसून लिहितो. सात वर्षं गेली, एक ओळ राहिली. ती ओळ होती 'बॅकअपचं बघायचं'.

---

फेसाळ | रविवार, रात्री ८:०५

मेलो हसून.

बरं बिअरकडे या की, मथळ्यात दहा टक्के आहे आणि सगळे टर्मिनलवरच बसलेत. दहा टक्के म्हणजे काही नाही हो. २००९ ते २०११ मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूडॉग आणि जर्मनीच्या शॉर्शब्रॉय यांची जी चुरस लागली ती शुद्ध गीकगिरी होती. शॉर्शब्रॉयने ३१ टक्क्यांची बिअर केली की ब्रूडॉगने ३२, मग ४०, मग ४१, मग ४३, मग ब्रूडॉगने एकदम ५५ टक्के, आणि ती बाटली कशात घालून विकली तर पेंढा भरलेल्या खारी आणि तसल्याच छोट्या प्राण्यांत. (हे मला अजिबात आवडलं नाही, नोंद असावी.) शॉर्शब्रॉयने ५७ करून हिशेब मिटवला. पुढे ब्रूमाइस्टर म्हणून आणखी एक स्कॉटिश ब्रुअरी आली, तिच्या २०१३ च्या स्नेक व्हेनमच्या बाटलीवर ६७.५ छापलंय.

---

कोरडा_कमेंटर | रविवार, रात्री ८:२४

शंका. यीस्ट स्वतःच बनवलेल्या अल्कोहोलमध्ये मरतं ना? मग ५७ कुठून आले?

---

फेसाळ | रविवार, रात्री ९:१०

तीच तर गोम. साधं एल (बिअरचा एक प्रकार) यीस्ट १०-१२ टक्क्यांवर मान टाकतं. निवडक वाणं २० च्या पुढे जातात पण त्यांचे लाड करावे लागतात, साखर एकदम नाही, रोज थोडी थोडी, सुरुवातीला भरपूर ऑक्सिजन, वर पोषण. सॅम्युअल अॅडम्सची युटोपियाज या वाटेने २८ च्या आसपास जाते, नुसतं आंबवून. २००२ पासून साधारण दर दोन वर्षांनी येते, तिला फेस नसतो, अमेरिकेतल्या १५ राज्यांत विकायला बंदी. माझ्या मते खरा पराक्रम हा. मी एकदाच चाखली आहे, दोन घोट, आणि त्या रात्री कोणाशी बोललो नाही.

५७ वगैरे गोठवून. पाणी शून्याला गोठतं, इथेनॉल उणे ११४ ला. दहा टक्क्यांची बिअर उणे चारच्या आसपास बर्फ धरायला लागते, तो बर्फ पाण्याचा, तो काढून टाकला की मागे राहतं ते घट्ट आणि तीव्र. परत गोठवा, परत काढा. प्रत्येक फेरीला आणखी थंडी लागते कारण उरलेलं द्रव आणखी हट्टी होत जातं. ही आइसबॉक नावाच्या तगड्या बिअरची जुनी जर्मन पद्धत, फक्त हद्दीबाहेर ताणलेली. जर्मनीतल्या कुल्मबाखची जुनी आइसबॉक ९ टक्क्यांच्या जवळपास असते, शहाण्यासारखी.

आणि आइसबॉकची आख्यायिका तर या धाग्यासाठीच बनलीये. १८९० च्या सुमारास कुल्मबाखमध्ये एका उमेदवार पोराने दमून पिंपं आत न्यायची टाळली, रात्री थंडी पडली, बर्फाने पिंपं फुटली. मालकाने शिक्षा म्हणून आत उरलेलं काळं पाणी प्यायला लावलं. पोरगा प्यायला आणि हसला.

---

निवांत_नोड | रविवार, रात्री ९:३२

म्हणजे त्याने क्रॉनटॅब -आर मारलं आणि नवीन प्रॉडक्ट निघालं. आपण मारलं की नुसता फेस भिंतीवर.

---

कोरडा_कमेंटर | रविवार, रात्री ९:४०

गोष्ट छान आहे पण जरा जास्तच छान आहे. पाणी थंडीत गोठतं हे शोधायला उमेदवार पोरगा कशाला लागतो, बर्फाळ मुलखात पिंपं ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं असणार.

---

फेसाळ | रविवार, रात्री ९:४४

आख्यायिका म्हणालो ना मी! पण गोठवून घट्ट केलेल्याला बिअर म्हणावं का यावर मात्र भांडायला तयार आहे. माझं मत नाही. आइसबॉकपर्यंत ठीक, चाळीसच्या पुढे तुम्ही बिअर पीत नाही, आकडा पिताय.

---

तिरपागडा | रविवार, रात्री ९:५१

आकडा पिणं आणि फोनमध्ये किती कोअर आहेत ते सांगणं एकच जात. मी दोन्ही करतो. काय म्हणणं आहे?

---

अनडूबाई | सोमवार, सकाळी ८:१५

अवांतर, पण गेल्या वर्षी आमच्याकडे एकाने घरच्या बिअरच्या बाटल्या भरल्या, आंबवणं पूर्ण व्हायच्या आधी, वर प्रत्येक बाटलीत अंदाजाने साखर. रात्री अडीचला पहिली फुटली. मग दर वीस मिनिटांनी एक. दार उघडायची हिंमत नाही कारण काचा. आम्ही बाहेर बसून पुढची कधी फुटेल यावर पैजा लावत होतो. हे कमांडसारखंच, एंटर आधीच दाबलेलं असतं, आउटपुट दोन आठवड्यांनी येतं.

---

फेसाळ | सोमवार, सकाळी ८:४०

सलग तीन दिवस घनता तीच आल्याशिवाय बाटली भरायची नाही आणि साखर वजन करूनच, लिटरला सहा-सात ग्रॅम बास. फुटायला लागल्या तर जाडजूड हातमोजे, चेहऱ्यावर काहीतरी, आणि उरलेल्यांची झाकणं सैल करा. किंवा लांबच राहा, तेच उत्तम.

---

रूटकॉज | सोमवार, सकाळी १०:३०

अतिअवांतर. मॉली-गार्ड नावाचं एक पॅकेज आहे डेबियनमध्ये, एसएसएचवरून शटडाउन मारलं की ते 'कोणतं मशीन बंद करतोयस, नाव लिही' म्हणतं. चुकीच्या खिडकीत असाल तर तिथेच कळतं. नावाची कथा अशी की एका प्रोग्रामरची चिमुरडी मॉली मशीनरूममध्ये आली आणि तिने आयबीएम ४३४१ चं मोठं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं, म्हणून त्यावर प्लास्टिकचं झाकण बसवलं. पहिल्यांदा दाबलं तेव्हाच का नाही बसवलं हे आपल्या धंद्याचं सार.

---

कर्सरपंत | साडेचार महिन्यांनी, शुक्रवार, रात्री १०:१२

धागा वर काढतोय, माफी.

तर बॅच ओतली नाही. शेवटची घनता बरोबर १.०१८, फेसाळ तुम्ही काय जादूटोणा करता माहीत नाही. आज पहिली बाटली उघडली. नेलपॉलिशचा वास गेलाय, म्हणजे नाक अगदी खुपसलं तर कुठेतरी मागे आहे. पहिल्या घोटाला घसा गरम होतो, जरा जास्तच, ते फ्युझेल असणार. पण मग जळक्या साखरेसारखं काहीतरी येतं, मग मनुका, आणि तिसऱ्या घोटाला मी सेन्सरला माफ केलं. स्वतःला अजून नाही. नाव ठेवलंय 'माइनस आर'.

यांत्रिक थर्मोस्टॅट बसवला आहे. क्रॉनटॅब लॉगमधून उकरून काढला, रूटकॉज, तुमचे उपकार. आणि आज बाटली अर्धी झाल्यावर आठवलं की तो -आय वाला अलायस अजून टाकलेलाच नाही, म्हणून आत्ताच इकोने (मजकूर लिहायची कमांड) .बॅशआरसीच्या (शेलच्या सेटिंगची फाइल) शेवटी ती ओळ जोडली.

एक बाण टाकला. दोन नाही.

---

एकबोट_टायपिस्ट | शुक्रवार, रात्री १०:१५

या. जागा धरून ठेवली होती.

---

रूटकॉज | शुक्रवार, रात्री १०:१९

पंत, ग्लास खाली ठेवा. /ईटीसी/स्केल मध्ये .बॅशआरसी ची कोरी प्रत असते, ती सीपी (कॉपी) करून घरच्या फोल्डरात आणा. सीपीमध्ये आधी कुठून, मग कुठे. उलटं लिहू नका, आणि काहीही झालं तरी पुढे सुडो (सगळे अधिकार देणारी कमांड) लावू नका.